भुते आणि भुताच्या जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला मी कशावर बोलणार, असे कार्यवाहबाईंनी मला विचारले, तेव्हा त्यांच्या मनात ‘बाळंतिणीचा आहार’ हा विषय असावा. सारी उमर मी परिचारिकेची नोकरी केली, तेव्हा मजकडून दुसरे काय अपेक्षावयाचे! मी म्हटले, यंदा मी भुतांवर बोलते. त्या हसल्या. पण मी हा विषय थट्टेने घेतलेला नाही, आणि बाळंतिणीलाही मी अगदीच सोडलेले नाही. ती पुढे येईलच. भुतांच्या गोष्टीत ती आल्यावाचून राहात नाही.

आपले मालवण जुने गाव. समोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्याही आधीपासून या बंदरात गलबते लागत होती. पुढे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला स्वतःच्या पसंतीचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. किल्ला मराठ्यांकडे परत आला आणि १८१२ साली तहाने कायमचा इंग्रजांकडे गेला. एवढ्या उलाढाली ज्या गावाने पाहिल्या, जिथे लढाईत माणसे पडली, समुद्रात बुडाली, देवीने आणि पटकीने गेली, तिथे भुते नसतील तर कुठे असतील? मौज अशी की, खुद्द किल्ल्यात भुताची गोष्ट मी फारशी ऐकली नाही. माझी आजी म्हणे, “थंय म्हाराज आसत, भुतांची काय बिशाद!” राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आतमध्ये आहे, दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. तेव्हा तिचे म्हणणे तर्काला सोडून होते असे मला वाटत नाही.

भुते होती ती अलीकडे, आपल्या वस्तीत. मी लहान असताना आमच्या वाडीचा नकाशा आम्हा मुलांना भुतांवरून पाठ होता. पाणंद जिथे वळते तिथला चिंचेचा बुंधा, तिथे मुंजा. व्हाळावरचा साकव, तिथे कोणी तरी पाठीमागून हाक मारतो, वळून बघायचे नाही. सड्यावर चकवा. खाडीच्या डोहात गिऱ्हा. आणि गडग्यापलीकडच्या पडक्या घराची विहीर, तिच्याबद्दल दिवसाही बोलायचे नाही. आता वय झाल्यावर हा नकाशा मी आठवते तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. त्या विहिरीला कठडा नव्हता. साकवाला एका बाजूने धरायला काही नव्हते. डोहात पाण्याला खालून ओढ होती. चिंचेच्या पोकळ बुंध्यात फुरसे निघे. एकही भूत धोका नसलेल्या जागी राहात नव्हते. आईबापांना शेतावर आणि रापणीवर जायचे असे, पोरांवर लक्ष ठेवायला घरी एखादी आंधळी आजी. तिने बिचारीने देवचाराला आणि मुंजाला कामावर ठेवले होते म्हणा ना! बिनपगारी नोकर, आणि एक दिवस रजा नाही.

देवचाराचे नाव घेतले म्हणून सांगते. बाहेरगावच्या माणसाला आपल्याकडचा देवचार कळत नाही. तो त्याला भूत समजतो. आपल्याकडे देवचार हा गावचा राखणदार. रात्री काठी वाजवीत शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, त्याचा मान त्याला पोचला नाही तर तेवढा रुसतो. आमच्याकडे त्याला रोट देत, काही घरी विडीसुद्धा ठेवीत. राखण्याला विडी लागणारच, त्यात काय!

वेतोबाचेही तसेच. साऱ्या भुतांचा राजा वेताळ, पोथ्यांतून तो स्मशानात राहतो. पण आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जाऊन बघा. तिथे तो वेतोबा होऊन देवळात उभा आहे, माणसाहून कितीतरी उंच. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि हे एवढाले चामड्याचे जोडे वाहतात. रात्री देव गावभर फेरी घालतो, त्याने जोडे झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. ज्याचे नाव घेऊन परमुलखात पोरांना भिववतात, त्याला या गावाने घरचा वडीलधारा माणूस केला आणि त्याच्या पायांत जोडे घातले. मला ही कल्पना फार आवडते. कोणी तिला अंधश्रद्धा म्हणोत. आरवलीचेच जयवंत दळवी मुंबईत जाऊन मोठे लेखक झाले, पण त्या गावाने त्यांचा हात कधी सोडला नाही.

लेखकांचे निघाले म्हणून आणखी एक. आपल्या तालुक्यातल्या तोंडवळीच्या बागलांच्या राईत १९३० साली जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, यांनी १९६६ साली ‘कोंडुरा’ ही कादंबरी लिहिली. कोंडुरा ही वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीच्या किनाऱ्यावरची खरोखरीची जागा. तिथे खडकाच्या घळीत समुद्र घुसतो आणि असा घुमतो की, ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. आत कोणी तरी आहे असे वाटल्यावाचून राहात नाही. त्या आवाजाचे कारण मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. तरी भरतीच्या वेळी एकटीने तिथे उभे राहून पाहावे.

आता थोडे पुस्तकातले सांगते. आर. ई. एन्थोवन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींचे एक पुस्तक छापले. त्यातली बरीचशी माहिती त्याच्या आधी ए. एम. टी. जॅक्सन या दुसऱ्या अधिकाऱ्याने गोळा करविली होती. कशी? तर शाळाशाळांतून प्रश्न पाठवून. मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले आणि उत्तरे धाडली. तेव्हा आपला भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. हा जॅक्सन म्हणजे तोच, ज्याला नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे या तरुणाने गोळी घातली. तो त्या रात्री नाटक पाहायला आला होता. नाटक कोणते? देवलांचे ‘शारदा’! जरठाला पोरीचा सौदा करून देणाऱ्या बापाचे. भुतांची यादी जमविणारा माणूस त्या नाटकाच्या वेळी मेला, याचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळते. पण ती यादी वाचताना मला शारदा आठवते खरी.

कारण त्या यादीत भुते कोण कोण होतात हे नीट लिहिलेले आहे. पुरुषांत पाहा. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला, तो मुंजा. बुडून मेला, तो गिऱ्हा. पैशावर, जमिनीवर जीव ठेवून मेला, तो समंध. विद्या होती पण ती कोणाला दिली नाही, तो ब्रह्मराक्षस. प्रत्येकाची इच्छा अपुरी राहिली, पण प्रत्येकाची निराळी. कुणाला जमीन, कुणाला विद्या, कुणाला बायको. आता बायकांत पाहा. हडळ, जखीण, अळवंतीण, लावसट. नावे अनेक आणि गाववार थोडाफार फरक; पण मूळ शोधू गेले तर पुन्हा पुन्हा तेच सापडते: बाळंतपणात मेली, पोटुशी असताना मेली, सुवेर फिटण्याआधी मेली, विहिरीत पडली. बायकांच्या वाट्याला भूत व्हायला इतकी कारणे नव्हतीच. आणि ती भुते भितात कुणाला, लागतात कुणाला? नव्या बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, त्याच घरातल्या दुसऱ्या सुनेला.

मी सुईणीची नात आहे. आजी सांगे, एखादी बाई बाळंतपणात गेली की, तिला नेताना वाटेवर मोहरी टाकीत, म्हणजे ती दाणे वेचीत राहील आणि घरी परत यायची नाही. आजीने हे स्वतः पाहिले होते. ऐकताना मी तिला विचारले होते, “पण आजी, घर तिचाच नाय?” आजीने उत्तर दिले नाही, दिव्याची वात तेवढी सारली. घरात तिचे दीडदोन वर्षांचे पहिले पोर असे, दाराशी तिने लावलेली तुळस असे, आणि सगळ्यांना धास्ती ही की ती घरी येईल!

आपल्याकडे आता हे किती बदलले आहे ते मी सांगितलेच पाहिजे, कारण त्यात माझ्यासारख्या कितीक जणींचे हात लागले आहेत. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. अळवंतिणींची पैदास थांबली ती मोहरीने नव्हे. ती थांबली रक्तदाब मोजल्याने, हात धुतल्याने आणि वेळेवर गाडी मिळाल्याने.

पण थांबली म्हणजे पुरती थांबली नाही, म्हणून मला आज बोलायचे आहे. माझ्या नोकरीतली गोष्ट आहे; गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. पहिलटकरीण, बाळंत होऊन सहा दिवस झालेले. दोन रात्री झोपली नव्हती. तिसऱ्या रात्री उठली आणि म्हणाली की, हे मूल माझे नाही, माझे मूल विहिरीत आहे. ओरडू लागली, सासूच्या अंगावर धावली. घरच्यांनी ओळखले: लागीर! त्या घरात पूर्वी एक सून विहिरीत गेली होती, तीच आली. नारळ फिरवला, अंगारा लावला, मिरच्यांची धुरी दिली. कोणी तिचे केस धरले, कोणी विचारले, “सांग, तू कोण?” आणि ती बिचारी तापलेल्या मेंदूने जे जे विचारतील त्याला हो म्हणत गेली. पाचव्या दिवशी तिचा भाऊ आला, त्याने कोणाचे ऐकले नाही, गाडी केली आणि आमच्याकडे घेऊन आला. मनगटांवर दोरीचे वळ होते. भगिनींनो, हा आजार आहे. हजार बाळंतिणींत एकदोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि औषधाने बरा होतो. ती बरी झाली. आज तिचा मुलगा कॉलेजात आहे.

दुसरा प्रकार झटक्यांचा. डोके दुखते, डोळ्यांपुढे चमकते, हातपाय आणि तोंड सुजते, मग दातखिळी बसून अंग वाकडे होते. हे पाहिलेल्या माणसाला भूत वाटले तर मी त्याला हसणार नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझेही हात थरथरले होते. पण ते वाढलेल्या रक्तदाबाचे काम आहे. त्याला मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे, आणि तिथे घटका मोजायच्या असतात, नारळ नव्हे.

यावर कायदाही झाला. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते तो त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, चटके देणे. साप, विंचू, कुत्रा चावला असता माणसाला औषधोपचारापासून अडवणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवाला गाऱ्हाणे घालायला कायद्याची आडकाठी नाही. मी स्वतः अजून घालते. आमच्या वाडीत एक घाडी होते, ते माझ्याकडे माणसे पाठवीत. म्हणत, “बाय, माझा काम मी केलंय, आता तुझा तू कर.” असे घाडी गावोगाव मिळोत!

असो. फार गंभीर झाले. चकव्याकडे येते.

सड्यावरून रात्री चालणारा माणूस वाट चुकतो, तासभर चालतो आणि जिथून निघाला तिथेच पोचतो. हा चकवा. आमच्या काकांना लागला होता. ते सांगत, “देवगडाक जाव म्हणान चल्लंय आणि आमच्याच गडग्याक पाय लागलो.” आम्ही लपून हसत असू, कारण त्या दिवशी काका कुठून येत होते ते काकूला ठाऊक होते. पण त्यांच्यावर थोडा अन्यायही झाला. २००९ साली जर्मनीतल्या काही शास्त्रज्ञांनी माणसांना रानात आणि वाळवंटात चालायला लावून त्यांची वाट यंत्राने मोजली. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तोवर माणसे बरीच सरळ चालली. ढग आले की गोल गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री! डोळे बांधले तर कित्येक जण वीस मीटरच्या आतले वर्तुळ काढीत. आपला कातळसडा, वर आभाळ भरलेले, ना झाड ना घर. चकवा खरा आहे तो असा. त्यावर म्हातारी माणसे सांगत तो उपाय, खाली बसावे आणि तांबडे फुटेपर्यंत हलू नये, हाही अगदी शास्त्राला धरून आहे.

भुतांच्या दिवट्याही अशाच. पावसाळ्यात दूर मळ्यात दिवट्यांची रांग हले, मध्येच विझे, पुन्हा पेटे. आम्हाला सांगत, वेताळाची स्वारी चालली. चूड पेटवून कुर्ल्या धरणारे आमचेच चुलते त्या स्वारीत होते हे मला लग्नानंतर कळले. हिवाळ्यात कधी रात्री लाट फुटते ती निळी उजळून, वल्हे मारले की पाणी पेटते. तो सूक्ष्म जिवांचा प्रकाश. भर पावसात रानातले कुजके लाकूड उजळते ती बुरशी. छपरावर कोणी चालते ते उदमांजर. गव्हाणी घुबडाची किंकाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काही समजावून सांगत नाही. समजल्यावरही अंगावर काटा येतोच.

एक प्रकार मात्र असा आहे की, तो कारणे सांगून संपत नाही, आणि संपावा असे मला वाटतही नाही. ती आपली गावपळण.

माझे आजोळ आचऱ्याचे. आचऱ्याला, चिंदरला, वायंगणीला दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जातो. वैभववाडीकडे शिराळ्याला तर हे दरवर्षी पौषात होते. माणसेच नव्हेत, गुरे, कोंबड्या, कुत्री, सारे. गाव मोकळा करून द्यायचा. कोणाला? तर म्हणतात, भुताखेतांना. तीन दिवस गाव त्यांचा. देवाने त्यांना शब्द दिलेला आहे आणि गाव तो पाळतो. आचऱ्याला रामेश्वराची आज्ञा झाली की, हिंदू निघतात तसे मुसलमान शेजारीही निघतात. तिथे कोणी धर्म विचारीत नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना गेले होते. मामाने खाडीपलीकडे झापांची खोप घातली होती. कोंबड्या टोपलीखाली, मांजर आजीच्या पदराखाली ओरडते आहे, वाटेत कोणाचा तरी पाडा उधळला आणि त्याच्यामागे निम्मा गाव धावला. पहिल्या रात्री आम्ही पोरे खाडीकाठी बसून अंधाराकडे टक लावून होतो. एवढा मोठा गाव, पण एक दिवा नाही, कुत्र्याचा आवाज नाही. मामेभाऊ म्हणाला, आता आपल्या पडवीत ती बसली असतील. मला भीती वाटली नाही, थोडा हेवा वाटला. पडवीत झोपाळा होता.

खोपीत तीन दगडांची चूल, एकच पेज, एकच कालवण. सारवण नाही, न्हाणी घासणे नाही, शेजारणीच्या चुलीवर आपले भांडे ठेवायला कोणाची परवानगी नाही. ज्या बायका एरवी सणालाही एकमेकींना ओझरत्या भेटायच्या, त्या रात्री उशिरापर्यंत फुगड्या घालीत. माझी आजी, जिला मी कधी पाय पसरून बसलेली पाहिली नव्हती, ती माडाला टेकून बसली आणि म्हणाली, “चार वर्सांतून एकदा भुतां घर सांभाळतत, म्हणान आमका तीन दिस सुख गो.”

पुढे मोठमोठ्या लोकांनी गावपळणीची कारणे दिली. कोणी म्हणतात, पूर्वी साथी येत, तेव्हा गाव रिकामा करीत, त्याची ही आठवण. कोणी म्हणतात, हवापाणी शुद्ध व्हावे, जमिनीला विसावा मिळावा. असेलही. पण आजीने दिलेले कारण मी अजून कुठे छापलेले पाहिले नाही, म्हणून या स्मरणिकेत ते छापून ठेवावे अशी माझी संपादक भगिनींना विनंती आहे.

आता भुतांचे दिवस बदलले. २०१६ साली दूरदर्शन संचावर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. तिचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत एका वाड्यात झाले आणि मालवणी बोली महाराष्ट्रभर घरोघर पोचली. त्याचा मला आनंदच झाला. मग तो वाडा बघायला गाड्या भरभरून लोक येऊ लागले, वाड्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. ज्या घराला भूत आहे म्हणून वाटसरू पावले उचलीत, त्या घरापुढे आता गर्दी होते. हल्ली आपल्याकडेही पर्यटकांना भुताची जागा दाखवा म्हणतात, आणि हॉटेलातली पोरे दोन-तीन जागा दाखवून टाकतात. मी त्यांना बोल लावीत नाही. पोटाचा प्रश्न आहे आणि पाहुण्यालाही भीती हवीच असते. फक्त एक होते. त्या गोष्टी बाहेरच्या असतात. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय, एवढ्यावर काम भागते. कुठली बाई, कोणाची, कशाने गेली, हे त्यात नसते. जुन्या गोष्टीत ते निदान थोडेसे तरी असे.

तीच माझ्या मनातली गोष्ट आहे. आमच्या गडग्यापलीकडच्या विहिरीपाशी तिन्हीसांजा एक बाई उभी राहते, असे आम्ही ऐकत आलो. आजी दर अवसेला तिथे पणती ठेवी. आम्ही विचारले, कोण ती? तर, “तिनसांजेक तिचा नाव घेव नये.” सकाळी विचारले तर कामात असे. मी नोकरीतून मोकळी झाल्यावर माझ्या एका नव्वदीच्या आत्येला गाठले. ती बरेच आढेवेढे घेऊन म्हणाली, ती त्या घरची धाकटी सून. दुसरीही मुलगीच झाली म्हणून तिला माहेरी पाठवली, माहेरच्यांनी आठवड्यात परत आणून घातली. मग एके सकाळी राहाटाला कळशी नुसतीच लोंबत होती. सासूने पुढे पुष्कळ उपाय केले, कारण दुसऱ्या सुनेला ती स्वप्नात दिसू लागली. “आणि मुली?” मी विचारले. त्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन मुंबईस गेल्या. आपली आई विहिरीत आहे हे त्यांना कोणी सांगितले होते की नाही, आत्येला आठवेना. सगळी वाडी साठ-सत्तर वर्षे त्या बाईला भीत आली.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या वाडीत अशी एखादी विहीर, एखादी चिंच, एखादे पडके घर आहे, आणि प्रत्येकीच्या घरी ऐंशीच्या पुढची कोणी तरी आहे. तिला विचारावे. भूत कसे दिसते हे विचारू नये, ते आपल्याला पाठ आहे. ती कोण होती, कितव्या वर्षी लग्न झाले, मुले किती, कशाने गेली, तेव्हा गावात काय चालले होते, एवढे विचारावे. सांगितले तेवढे लिहावे. घराण्यांची नावे नको असतील तर गाळावी. कार्यवाहबाईंनी त्यासाठी दोनशे पानी वही घातली आहे, ती मंडळाच्या कपाटात खालच्या फळीवर आहे आणि मंगळवारी व शुक्रवारी दुपारी चारनंतर मिळेल. बोलीत लिहिले तरी चालेल, शुद्धलेखनाचे पुढे पाहू.

पहिल्या पानावर मी आमच्या विहिरीचे लिहून ठेवले आहे. वय सुमारे बावीस, माहेर खाडीपलीकडचे, मुली दोन, धाकटी अडीच महिन्यांची. नावाच्या ओळीत जागा सोडली आहे. खाडीपलीकडच्या ज्या भगिनी आज इथे आल्या आहेत, त्यांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून मला कळवावे.